पंखवाल्यांच्या धक्क्यावर

पंख असलेल्या माणसांना बंदर कशाला हवं? गेले कित्येक महिने मी या प्रश्नाशी अडले आहे. शहर मनात केव्हाच उभं राहिलंय. समुद्रातून सरळ वर गेलेला काळा कडा, त्याच्या कपारींत वसलेली घरं, घरांना उंबरठ्याऐवजी मोकळे सज्जे, आणि उन्हं कलताना वाऱ्यावर तरंगत परतणारी माणसं. एवढं कुणालाही सुचेल. पण वहीतल्या चित्रात मी कड्याच्या पायथ्याशी एक दगडी धक्काही काढून ठेवलाय. शेवाळलेला, दोरखंडांनी खुंट झिजलेला, पुढ्यात दोन-चार गलबतं नांगरलेली. ज्यांना उडता येतं त्यांनी लाकूड, शीड, डांबर आणि खलाशी यांच्या वाटेला का जावं, हे मला तेव्हा सांगता आलं नसतं. तरी धक्का खोडावासा वाटला नाही. मला त्या शहरात जायचंय आणि मला पंख नाहीत, एवढं कारण मला पुरेसं होतं.

आता त्याहून भक्कम कारण सापडलंय. ते म्हणजे वजन.

उडणाऱ्या जिवाला वजन परवडत नाही. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर ज्याच्यासाठी अभयारण्य झालं तो माळढोक जगातल्या सर्वांत जड उडणाऱ्या पक्ष्यांमध्ये गणला जातो, आणि त्याचा नर भरतो १५ किलोच्या आतबाहेर. आफ्रिकेतला त्याचा भाईबंद कोरी बस्टर्ड १८-१९ किलोंपर्यंत जातो. आजच्या पृथ्वीवर पंख मारून उडणाऱ्यांची हद्द साधारण तिथे संपते. कारण भूमितीतलं आहे. शरीर सगळ्या बाजूंनी दुप्पट मोठं केलं की पंखांचं क्षेत्रफळ चौपट होतं, वजन मात्र आठपट वाढतं. पंख नेहमी मागे पडतात.

माणसाच्या वजनाचा पक्षी मात्र एकदा होऊन गेलाय. अर्जेंटिनात सुमारे ६० लाख वर्षांपूर्वी अर्जेंटाव्हिस नावाचा महाकाय पक्षी उडत असे. सापडलेल्या हाडांवरून त्याचं वजन ७० किलोंच्या घरात आणि पंखांचा पसारा ७ मीटरच्या आसपास असावा, असा अंदाज आहे. पुराजीवशास्त्रज्ञ शंकर चटर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली त्याच्या उड्डाणाचा हिशोब मांडला. त्यातून दिसलं ते असं की नुसत्या स्नायूंच्या बळावर सपाट जमिनीवरून वर उठणं त्याला बहुधा जमत नसावं. त्याला उतार हवा होता, उतारावरून थोडी धाव आणि समोरून वारा. एकदा हवेत गेला की मग तो तासन्‌तास पंख न हलवता तरंगू शकत असे.

हे वाचलं तेव्हा माझं शहर कड्यावर का वसलंय ते मला कळलं. सात मीटर पंखांची, साठ-सत्तर किलोंची माणसं सपाटीवर राहूच शकत नाहीत. त्यांना घराच्या दारातून पाऊल टाकलं की खाली पोकळी लागते, आणि त्या पोकळीत वर चढणारा वारा लागतो. शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले होते. या शहराचं घड्याळ त्या दोन वाऱ्यांवर चालतं. दिवसा जमीन तापते आणि समुद्रावरून वारा आत येतो. तो कड्यावर आपटून वर चढतो, आणि सारं गाव त्यावर स्वार होतं. रात्री उलटं होतं. जमीन निवते, मतलई वारा कड्यावरून समुद्राकडे घसरू लागतो आणि उडणाऱ्याला किनाऱ्यापासून दूर ढकलतो. म्हणून शहाणी माणसं सूर्यास्ताआधी घरी येतात. दोन वाऱ्यांच्या मधल्या वेळी, पहाटे आणि कातरवेळी, वारा पडतो तेव्हा जो जिथे असेल तिथे थांबतो. कुणाच्या घरी पाहुणा म्हणून गेलेला असेल तर त्याला जेवायला वाढतात.

ज्याचं स्वतःचं शरीरच हवेच्या ऐपतीच्या टोकाला पोचलंय, तो वर आणखी काय उचलणार? तांदळाचं पोतं नाही. मिठाची गोणही नाही. लोखंड, लाकूड, कौलं, चुना, पाण्याचे रांजण, यातलं काहीच पंखांवरून येत नाही. ते सारं समुद्रावरून येतं, गलबतांच्या पोटातून, आणि धक्क्यावर उतरतं. आकाशातल्या गावाची चूल खालून पेटते. पंख असल्यामुळेच त्यांना बंदर लागतं, तुमच्या-माझ्यापेक्षा कितीतरी जास्त.

आपल्याकडच्या सर्वांत थोर पंखवाल्याची कथा मी याच नजरेनं पुन्हा वाचली. महाभारताच्या आदिपर्वात गरुड जन्माला येतो तो दास्यातच. उच्चैःश्रवा या घोड्याच्या शेपटीच्या रंगावरून लागलेल्या पैजेत त्याची आई विनता हरलेली असते, आणि ती सवतीची, सर्पांची आई असलेल्या कद्रूची, दासी झालेली असते. आईमागून मुलगाही दास. सर्पांना पाठीवर घेऊन हवं तिथे फिरवून आणणं, हे त्याचं काम. एवढे प्रचंड पंख आणि त्यांवर पहिल्यांदा बसलं ते दुसऱ्यांचं ओझं. पुढे आईला सोडवण्यासाठी तो अमृत आणायला निघतो, वाटेत भूक भागवायला हत्ती आणि कासव नखांत धरतो आणि खायला म्हणून एका वडाच्या फांदीवर टेकतो. फांदी मोडते. पाहतो तर फांदीला अंगठ्याएवढे वालखिल्य ऋषी उलटे टांगून तप करताहेत. फांदी सोडली तर ते मरतील. मग गरुड ती फांदी चोचीत धरून, हत्ती आणि कासव नखांत धरून, तसाच फिरत राहतो. टेकायला जागा नाही. शेवटी बाप कश्यप विनंती करतो, ऋषी फांदी सोडून जातात, आणि माणसांची वस्ती नसलेला एक बर्फाळ पर्वत त्याला दाखवला जातो, तिथे ती फांदी टाकता येते.

लहानपणी या गोष्टीत मला गरुडाची ताकद दिसायची. आता त्याची वणवण दिसते. ओझं उचलणं त्याला जड नव्हतं. कुणाला इजा न करता ते खाली ठेवायची जागा सापडणं जड होतं. बंदर ही नेमकी तशी जागा आहे. माझ्या शहरातल्या धक्क्याच्या तोंडाशी दगडात एक फांदी कोरलेली आहे. तिच्याखाली काही लिहिलेलं नाही, तिथल्या लोकांना गोष्ट ठाऊक आहे.

आपल्या चित्रकारांनी आणि शिल्पकारांनी मात्र पंखांचा हा सगळा प्रश्न फार सुंदर रीतीने बाजूला ठेवला. अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यात ढगांमधून उतरणारा इंद्र आणि त्याच्याबरोबरच्या अप्सरा पाहिल्या तर एकीलाही पंख नाहीत. गळ्यातले हार एका बाजूला झुकलेत, गुडघे मागे दुमडलेत, आणि एवढ्यावर आपल्याला वाऱ्याचा वेग कळतो. वेरूळच्या विद्याधरांचंही तसंच. पंख मिळाले ते अर्धं अंग पक्ष्याचं असलेल्या किन्नरांना आणि गरुडाला. त्या भिंतीसमोर उभं राहिलं की वाटतं, त्या कलावंतांना उडण्याचा आनंद काढायचा होता, यंत्रणा नव्हे. मला दोन्ही हवं आहे. मला पंखाचं वजन हवं, त्यासाठी छातीच्या हाडाला लागणारी, गलबताच्या तळाच्या कण्यासारखी उभी धार हवी, पक्ष्यांच्या छातीत असते तशी, आणि त्यावर चिकटलेले जाड स्नायू हवेत. म्हणजे माझे पंखवाले देखणे देवदूत होणार नाहीत. त्यांच्या छात्या पुढे आलेल्या असतील, पाय बारीक असतील, आणि जमिनीवर ते आपल्यापेक्षा लवकर दमतील.

आता पोचायचं कसं ते सांगते.

जे खारे वारे त्यांना वर उचलतात तेच गलबताला किनाऱ्याकडे ढकलतात. म्हणून तिथे गलबतं येतात ती दुपारनंतर, आणि येणाऱ्याला पहिल्यांदा दिसतं ते रिकामं शहर. दारं उघडी, सज्जे रिकामे, दोऱ्यांवर कपडे वाळताहेत, आणि माणूस कुठे दिसत नाही. मग शिडावरून एक सावली सरकते. मग दुसरी. मान वर केली की कळतं, सगळं गाव डोक्यावर आहे. कोकणात महाधनेश रानावरून गेला की पंखांतून हवा घुसण्याचा दमदार आवाज झाडाखालच्या माणसालाही ऐकू येतो. इथे तसे शेकडो आवाज, कुणी जवळ, कुणी लांब. तांडेल वर पाहत नाही. त्याची नजर धक्क्यावर आहे, कारण शीड कधी उतरवायचं हे त्याला ठरवायचंय.

असं पोचणं मला आवडतं, कारण पंख लावून पोचणं माणसाला किती जड गेलंय हे मला माहीत आहे. २३ एप्रिल १९८८ रोजी कानेलोस कानेलोपोलोस हा ग्रीक सायकलपटू ‘डेडलस’ नावाच्या विमानातून पायडल मारत क्रीटहून सँटोरिनी बेटावर गेला. ११५ किलोमीटर समुद्र, जवळजवळ चार तास, इंजिन नाही, फक्त दोन पाय. विमानाचं वजन ३१ किलो आणि पंखांचा पसारा ३४ मीटर! एका माणसाला, हातात पिशवीसुद्धा नसलेल्या, हवेत धरायला एवढे पंख लागले. किनारा अगदी काही मीटरवर असताना वाऱ्याच्या झोतानं विमान मोडलं आणि तो पाण्यात पडला, मग पोहत काठाला लागला. मला हा पराभव वाटत नाही. क्रीटहून पंख लावून निघालेल्या डेडलस आणि इकॅरस या बापलेकांच्या ग्रीक पुराणकथेला तीन हजार वर्षांनंतर मिळालेलं हे फार चांगलं उत्तर आहे. त्या कथेत मुलगा बुडाला होता. इथे माणूस ओला होऊन, जिवंत, वाळूवर उभा राहिला.

धक्क्यावर उतरल्यावर माझी झडती होईल. हत्यारासाठी नाही, तेलासाठी. पक्षी शेपटीच्या मुळाशी असलेल्या ग्रंथीतलं तेल चोचीनं पिसांना लावतात, पिसांचे बारीक तंतू एकमेकांत अडकवून ठेवतात, म्हणून पाणी आत शिरत नाही. त्या विणीत खनिज तेल गेलं की ती मोडते. पिसं चिकटतात, थंडी आत शिरते, उडणं थांबतं. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया’ ही जहाजं एकमेकांवर आदळली, शेकडो टन तेल सांडलं आणि उरण-अलिबागकडच्या खारफुटीला काळा थर चढला, ते पाहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. माझ्या शहरात धक्क्यावर तेल सांडणं हा सर्वांत मोठा गुन्हा आहे. साबणसुद्धा काढून घेतात, आणि त्याऐवजी राखेची पुडी देतात. पाहुण्यानं ती दोन्ही हातांनी घ्यायची.

मुक्कामाच्या खोलीत पाठ असलेली खुर्ची सापडणार नाही. सगळी तिवई आणि पाट. बिछाना पालथं किंवा कुशीवर झोपणाऱ्यासाठी केलेला, मध्ये खोलगट. दारं उंचीपेक्षा रुंदीला जास्त. अंगातले कपडे पाठीवर नाडीनं बांधायचे. मला वाटतं, त्या गावातली शिंपीण माझी चोळी पाहून खूश होईल आणि बाह्या पाहून बुचकळ्यात पडेल.

या शहरातलं एक भांडण मात्र मला सोडवता आलेलं नाही, आणि ते मी तसंच ठेवणार आहे. ते दिव्याचं भांडण आहे. रात्री येणाऱ्या गलबताला दीपगृह हवं. पण उडणाऱ्याला रात्रीचा स्थिर उजेड घातक असतो. न्यू यॉर्क हेही बंदरच. तिथे दर वर्षी ११ सप्टेंबरला मृतांच्या स्मरणार्थ आकाशात दोन प्रचंड झोत सोडतात. तो स्थलांतराचा ऐन काळ. पक्षी त्या उजेडात शिरतात आणि बाहेर पडायची वाट न सापडून घिरट्या घालत राहतात. सात रात्रींच्या निरीक्षणांवरून संशोधकांनी काढलेला अंदाज असा की त्या झोतांचा परिणाम सुमारे ११ लाख पक्ष्यांवर झाला. झोत थोडा वेळ बंद केले की ते पांगतात आणि मार्गाला लागतात. म्हणून तिथे माणसं रात्रभर वर पाहत मोजत बसतात आणि फार पक्षी अडकले की दिवे मालवायला सांगतात. दुःखाचा दिवा अनोळखी पक्ष्यांसाठी मालवणारी ती माणसं मला फार मोठी वाटतात. कॅनडात ईरी सरोवरावरच्या लाँग पॉइंट दीपगृहाचा झोत १९८९ साली अरुंद आणि मंद केला, आणि तिथे मरणारे पक्षी एकदम कमी झाले. मी माझ्या पंखवाल्यांना पक्ष्यांचा हा दुबळेपणा दिला आहे. म्हणून त्यांच्या बंदराचा दिवा अरुंद, खाली झुकलेला, लुकलुकणारा आहे. तांडेल लोक दर वर्षी तक्रार करतात की तो धुक्यात दिसत नाही. त्यांचंही खरं आहे. त्यांचीही माणसं त्या खडकांवर गेली आहेत.

आणि आता पायऱ्या. इथे मला थोडं थांबायचंय.

पहिल्या चित्रात मी त्या कड्याला पायऱ्या काढल्या नव्हत्या. उडणाऱ्यांना पायऱ्या कशाला? पुढे आईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. आमची इमारत जुनी, लिफ्ट नसलेली, आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावर. आई बरेच आठवडे खाली उतरली नाही. गॅलरीतून दोरीनं पिशवी सोडायची, खालचा भाजीवाला भाजी घालायचा, ती पिशवी वर ओढून घ्यायची. भाजी वर येत होती, दूध वर येत होतं, आई मात्र खाली जाऊ शकत नव्हती. कठड्याला हात टेकून ती रस्ता पाहत बसे. कोण कधी कामावर जातं, कुणाच्या सुनेला दिवस गेलेत, कुठल्या झाडावर कावळ्यानं घरटं धरलंय, हे तिला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक झालं होतं. तिला एकदा म्हटलं, किती छान दिसतं ना तुला इथून सगळं. ती म्हणाली, “दिसतं गं. पण कुणी मला दिसत नाही जवळून.”

त्या रात्री मी वही काढून कड्याला पायऱ्या काढल्या. अगदी वरच्या घरापासून धक्क्यापर्यंत, वळणावळणाच्या, दर काही पावलांवर बसायला कट्टा असलेल्या. कारण माझ्या लक्षात आलं की पंखांच्या गावातही कायम कुणीतरी बिनपंखांचं असणारच. तान्ही मुलं. पिसं विरळ झालेली म्हातारी. पंख मोडलेले. बाळंतिणी. आणि पुढे पक्ष्यांविषयी वाचताना सापडलं ते याहून मोठं होतं. वर्षातून एकदा सगळेच.

पिसं झिजतात. ती टाकून नवी घ्यावी लागतात. बहुतेक पक्षी ती एक-एक दोन-दोन करून बदलतात, म्हणजे उडणं चालू राहतं. पण बदकं, हंस, राजहंस यांच्यातल्या बहुतेकांची उडायची सगळी पिसं एकदम गळतात, आणि नवी येईपर्यंत तीन-चार आठवडे त्यांना अजिबात उडता येत नाही. आपल्याकडच्या चक्रवाकाचा एक जवळचा नातलग, कॉमन शेलडक, त्या काळासाठी वायव्य युरोपभरातून उडत येऊन एका जागी गोळा होतो. उन्हाळ्याच्या अखेरीस जर्मनीच्या किनाऱ्यावर, एल्ब नदीच्या मुखाजवळच्या उथळ चिखलात, सुमारे दोन लाख पक्षी जमतात. तिथूनच हॅम्बुर्ग बंदराकडे जहाजांची वाट जाते. जहाजं शेजारून जात असतात आणि दोन लाख पंखवाले पायांनी चालत, पोहत, पिसं उगवायची वाट पाहत असतात. पंखवाल्यांचं बंदर पृथ्वीवर कुठे असेल तर ते मला तिथे वाटतं.

राखी धनेशाची मादी तर ढोलीत स्वतःला चिणून घेते, आत अंडी घालते आणि तिथेच पिसं टाकते. नर फटीतून चोचीनं तिला फळं भरवतो. पुण्या-मुंबईतही हे पक्षी आहेत. आपल्या रस्त्याकडेच्या एखाद्या जुन्या झाडात एक पंख नसलेली आई बसलेली असते आणि आपण खालून जात असतो.

तर माझ्या शहरातही वर्षातला एक काळ असा येतो की सगळ्यांची पिसं झडतात. तेव्हा आकाश मोकळं असतं आणि पायऱ्या भरलेल्या. वर्षभर एकमेकांना फक्त डोक्यावरून जाताना पाहिलेले शेजारी कट्ट्यांवर गुडघ्याला गुडघा लावून बसतात. बारीक पायांना चालायची सवय नसते, म्हणून सावकाश, हात धरून. कड्याच्या टोकावरची श्रीमंत घरं, जिथे वारा सर्वांत चांगला, त्या काळात सर्वांत गैरसोयीची होतात आणि धक्क्यालगतच्या खोल्यांना भाव येतो. ज्यांची पिसं वयामुळे पुन्हा येत नाहीत ते तिथेच राहून जातात. धक्क्यावर माल मोजणारे, गलबतांच्या वेळा सांगणारे, नव्या माणसाला हात देऊन उतरवून घेणारे सगळे हेच. पाहुण्याला त्या शहराची पहिली ओळख होते ती उडून झालेल्या माणसांकडून.

रामायणाच्या किष्किंधाकांडातला संपाती मला अशा वेळी फार आठवतो. धाकट्या जटायूला सूर्याच्या तापापासून वाचवताना त्यानं आपले पंख त्याच्यावर धरले आणि ते जळून गेले. पुढे दक्षिण समुद्राच्या काठी, सीतेचा शोध न लागल्यानं हताश झालेले वानर प्राण द्यायला बसतात तेव्हा तो त्यांना वरून पाहतो. आधी त्याला ते आयतं अन्नच वाटतं. मग बोलता बोलता जटायूच्या मरणाची गोष्ट त्याच्या कानावर येते. आणि तो काय म्हणतो? माझे पंख जळाले आहेत, मला हलता येत नाही, मला या पर्वतावरून खाली उतरवा. अंगद त्याला उतरवून घेतो. मगच तो शंभर योजनं पलीकडे पाहून लंका कुठे आहे ते सांगतो. मगच तो शंभर योजनं पलीकडे पाहून लंका कुठे आहे ते सांगतो. सगळ्या रामकथेचा पुढचा मार्ग एका पंख गेलेल्या म्हाताऱ्याच्या नजरेतून उघडतो, आणि त्याआधी त्याला कुणीतरी हात धरून खाली आणावं लागतं.

आई बरी झाल्यावर पहिल्या मोठ्या प्रवासाला आम्ही उरणच्या आत्याकडे गेलो, भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याच्या लाँचनं. जाताना कुरव लाँचच्या मागे मागे आले, लोकांनी फेकलेले गाठिये हवेतच झेलत. आई त्यांच्याकडे बघत राहिली. परतताना ओहोटी होती. लाँच खाली गेलेली, धक्क्याच्या पायऱ्या वर उंच, ओल्या आणि निसरड्या. एका खलाशानं तिचा दंड धरला आणि म्हणाला, “मावशी, घाई नका करू. लाट वर येऊ द्या, मग पाय टाका.” लाट आली, लाँच उचलली गेली, आईचा पाय दगडावर पडला. माझ्या शहरातल्या धक्क्यावर प्रत्येक नव्या माणसाला हेच सांगतात, याच शब्दांत. मराठी तिथे कशी पोचली हे मला विचारू नका. कोकणातले खलाशी कुठे कुठे गेलेत!

एकच अडचण उरली होती. पिसं झडायचा काळ कोणता? उत्तर पावसाळाच असणार. धो धो पावसात आणि नैऋत्येच्या वाऱ्यात तसंही उडता येत नाही, तेव्हा शरीर ते काम उरकून घेईल. पण पावसाळ्यात गलबतंही येत नाहीत. आपल्या किनाऱ्यावर होड्या ओढून वर घेतात, त्यांवर झापं घालतात आणि समुद्र पुन्हा उघडतो तो नारळी पौर्णिमेला. म्हणजे गाव पायांवर असतं त्या दिवसांत तिथे पोचणं अशक्य. ते पाहायचं असेल तर आधी जायला हवं आणि पाऊस संपेपर्यंत राहायला हवं. जुन्या काळी अरबस्तानातून, आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून आलेले व्यापारी वारा फिरेपर्यंत आपल्या बंदरांत महिनोन्‌महिने राहत. काही घर करत, काही लग्न. बंदरांची गावं अशी मिसळत गेली ती वाट पाहण्याच्या त्या महिन्यांत.

म्हणून मी वैशाखातल्या शेवटच्या गलबतानं जाणार आहे, आणि आईला घेऊन जाणार आहे. धक्क्याजवळची खोली घेऊ. सोबत काय न्यायचं यावर आमचं बोलणं झालंय. पंखवाल्यांना जे आणता येणार नाही ते न्यावं, हा माझा नियम. आई म्हणाली, मग पाटा-वरवंटा ने. आमचा जुना, काळ्या दगडाचा, माझ्या एकटीला न उचलणारा पाटा. तो धक्क्यावर उतरवून घेतील, पण कड्यावर कुणी नेणार नाही. त्यामुळे वाटण वाटायचं झालं तर सगळ्यांना खालीच यावं लागेल.